उणे

सकाळी पाटीवर ‘आठ उणे तीन’ झालं होतं. चिंचोके मांडून, त्यातले तीन बाजूला सारून, पाच उरतात याची तीनदा खात्री झाली होती. संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र निघालं. आमच्याकडे ते इतक्यांदा निघतं, की ओळी तोंड म्हणतं आणि चित्त गॅसवरच्या भाताकडे असतं. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ लेकीनं मिटलेले डोळे उघडले. “आई, म्हणजे देव वजाबाकी करत नाही?”

आजीनं “शू” केलं. नवऱ्यानं मान खाली घालून हसू दाबलं. मी मात्र थबकले. हे स्तोत्र मला बोलता येऊ लागल्यापासून पाठ. परीक्षेला जाताना, दवाखान्यात, मयताच्या घरी, शेकडो वेळा म्हटलेलं. शिवाय अकरा वर्षं पतसंस्थेत खतावणी लिहिलेली. उणे शिल्लक म्हणजे काय, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण खतावणीतलं उणे आणि स्तोत्रातलं उणे हा एकच शब्द आहे, हे मला चौतिसाव्या वर्षी सहा वर्षांच्या पोरीनं दाखवलं.

‘आमेन’ झाल्यावर तिनं प्रश्न पुन्हा काढला. “मग आजोबा?”

एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे सासरे गेले होते. घरात पाच माणसं होती, चार उरली. पोरीचा हिशोब बरोबर होता. कुणाकडेच उत्तर नव्हतं. आजी उठून भात बघायला गेली.

लेक तेव्हा शाळेत जात नव्हती. आजारी नव्हती, शाळेनं नाकारली नव्हती, फी परवडत नाही असंही नव्हतं. आम्हीच तिला घरी शिकवत होतो. अहिल्यानगरमध्ये (आमच्या तोंडी अजून नगरच) राहून, त्यातही ख्रिस्ती असून, हे वाक्य लिहायला जरा धीर लागतो. कारण या गावात ख्रिस्ती माणूस म्हटलं की लोकांना आधी शाळा आठवते, मग देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो). सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली जहाजानं मुंबईत उतरली, १८३९ मध्ये नगरला आली, मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये इथंच वारली. सावित्रीबाई फुल्यांनी शिकवण्याचे धडे याच फरारबाईंकडे घेतले, असं सांगतात. ‘ज्ञानोदय’ मासिक १८४२ मध्ये निघालं तेही इथूनच. अशा गावात, अशा मंडळीत, पोरीला घरी ठेवायचं म्हणजे वारकऱ्याच्या घरात जन्मून आषाढीला पंढरपूर चुकवायचं.

सासूबाईंना तर ते फारच लागलं. त्या मिशनच्या शाळेत तीस वर्षं मास्तरीण होत्या. त्यांच्या सासऱ्यांचे वडील नेवासे तालुक्यातले. गावच्या शाळेत त्यांना आत बसायची मुभा नव्हती. मग वडाळ्याच्या मिशनच्या शाळेत, दगडी पाटी बगलेत मारून, ते पायी जाऊ लागले. त्यांच्या वस्तीत चिठ्ठी वाचता येणारा तो पहिला माणूस. मुंबईला गिरणीत गेलेल्या पोरांच्या चिठ्ठ्या घेऊन लोक रात्री त्यांच्या दारात यायचे, आणि आवाज चढवून वाचायला सांगायचे, म्हणजे शेजारच्यालाही ऐकू जावं. ही गोष्ट आमच्या घरात नाताळच्या करंज्यांइतकी ठरलेली आहे.

“आमच्या चार पिढ्या शाळेनं उभ्या केल्या,” सासूबाई म्हणाल्या. “घरी बसा म्हणून लोक आम्हाला सांगायचे गं. आणि तू आपल्या हातानं पोरीला घरी बसवतीस?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. ‘घरी बसणं’ हा शब्द ज्यांच्या पाठीवर वळ उठवून गेला आहे, त्यांच्यासमोर ‘घरशाळा’ हा शब्द फार गोंडस वाटतो.

सुरुवात काही विचारानं झाली नव्हती. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये मोठा गट मोबाइलवर भरू लागला. पाच वर्षांचं मूल चौकोनात बसलेल्या तीस मुलांकडे बघतंय आणि बाई “म्यूट करा, म्यूट करा” म्हणतायत. त्यात बाईंचा काय दोष? पण आमची लेक दहा मिनिटांत मोबाइल उताणा टाकायची आणि आजोबांकडे जायची. शेवटी आम्हीही मोबाइल उताणा टाकला.

देऊळही बंद होतं. देवळात वेदीच्या बाजूला गीतांचे नंबर लावायची लाकडी पाटी असते. लेकीला ते आकडे बदलायची भारी हौस. ती घरात रडू लागली, तेव्हा आजोबांनी पुठ्ठ्याला खाचा पाडून तशीच एक पाटी केली. जुन्या कॅलेंडरचे मोठे आकडे कापले. रविवारी सकाळी घरातल्या उपासनेला कुठलं गीत म्हणायचं ते आजोबा सांगणार आणि ती पाटीवर नंबर लावणार. “दोनशे सत्त्याण्णव.” ती आधी सात लावायची, मग नऊ, मग दोन; उजवीकडून डावीकडे. दोन एकदा मधल्या खाचेत गेला, तर आजोबा गंभीरपणे नऊशे सत्तावीस नंबरचं गीत शोधू लागले. पुस्तक संपलं तरी सापडेना. एकक, दशक, शतक ही भानगड आमच्या घरात अशी सुटली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बासष्ट’च्या जोडीला ‘साठ दोन’ आलं, तेव्हा टीव्हीवर केवढा गदारोळ झाला होता. आजोबा ‘साठ दोन’च्या बाजूचे होते. म्हणायचे, “पोराला आधी कळू दे, मग बासष्ट म्हणेलच. सत्त्याण्णव म्हणताना मलाच अजून दम लागतो.”

ते गेल्यावर पाटी भिंतीवरच राहिली. लेक दर रविवारी आकडे बदलत राहिली. शाळा उघडायची चर्चा सुरू झाली, तेव्हा नवरा आणि मी एका रात्री बसून ठरवलं, की अजून दोन-तीन वर्षं तिला घरीच ठेवू. मी पतसंस्थेचा राजीनामा दिला. जमाखर्च मांडायचा तर पहिली नोंद हीच: माझा पगार, दरमहा, उणे. नवऱ्याच्या एमआयडीसीतल्या पगारावर घर चालतं, पण कपाट बदलायचं राहिलं ते अजून राहिलंय.

प्रश्न देवाच्या वजाबाकीचा होता. शाळेत असती तर तास संपला असता; बाईंसमोर आणखी चाळीस मुलं, त्यांनी तरी किती थांबायचं. आमच्याकडे मात्र वेळच वेळ होता. लेक म्हणाली, “मेंढपाळ म्हणजे धनगरच ना? मग धनगरालाच विचारू.”

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. या दिवसांत धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला निघतात, आणि वाटेत नगरच्या आसपास त्यांचे वाडे, म्हणजे मुक्काम, पडलेले दिसतात. नवऱ्यानं शनिवारी स्कूटर काढली. कल्याण रस्त्याला, बाजरी निघालेल्या एका रानात वाडा होता. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, त्यावर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि कोकरं ठेवायला जाळं. संध्याकाळ होत आली होती, एक बाई वाघर ताणत होती. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची जाळी. हा शब्द मला माहीत होता, पण वस्तू पहिल्यांदाच बघत होते.

शेतकरी बांधावरच उभा होता. त्यानं लेकीला सांगितलं, “आज आमच्या रानात मेंढरं बसवलीत.” लेंडीमुताचं खत मिळतं म्हणून शेतकरी रात्रभर मेंढरं बसवून घेतो आणि बदल्यात धनगराला धान्य देतो. लेकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला चोर सापडला. स्तोत्राची दुसरी ओवी: ‘तो मला हिरव्या कुरणांत बसवतो.’ मला इतकी वर्षं वाटायचं, मेंढपाळ मेंढराला विश्रांती देतो. देतोच. पण नगरच्या पोरीला त्यात बसलेल्या मेंढराखालची जमीनही दिसली. “म्हणजे आपण बसलो की तिथं पीक येतं,” ती म्हणाली. मी आजवर तेविसाव्या स्तोत्रावर निदान वीस संदेश ऐकले असतील. हे कुठल्याही पाळकसाहेबांनी सांगितलं नव्हतं.

मग तिनं म्हाताऱ्या धनगराला खरा प्रश्न विचारला. “शंभर मेंढरांतलं एक हरवलं तर तुम्हाला कसं कळतं? रोज मोजता?”

“मोजायचं कशाला?” तो म्हणाला. “नसल्यालं लगीच दिसतं.”

येताना ती स्कूटरवर मधे बसली होती, काही बोलली नाही. घरी आल्यावर आजीला सांगितलं, “आजी, धनगर मोजत नाही. जे नाही ते त्याला दिसतं.” आजी जरा वेळ भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दिसतं खरं.” उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर आजोबांचं नाव घरात पुन्हा सहज निघू लागलं.

घरशाळेचं फळ काय, असं कुणी विचारलं की मला ही स्कूटरवरची संध्याकाळ आठवते, आणि ती सांगायला वीस मिनिटं लागतात. विचारणाऱ्याला टक्के हवे असतात.

सगळेच दिवस असे नव्हते. बहुतेक दिवस जोडाक्षरांत जायचे. सकाळी एक ओवी पाठ, मग वाचन, मग गणित, मग घरकाम. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हे आमचं वाचनाचं पुस्तक झालं ते काही थोर धोरणानं नाही. घरात मोठ्या अक्षरांचं तेच होतं, सासऱ्यांसाठी आणलेलं. संदर्भ शोधायचा खेळ तिला फार आवडायचा: पुस्तक, अध्याय, ओवी. सहासष्ट पुस्तकांचा क्रम पाठ झाला की शब्दकोश बघणं सोपं जातं, हे मला नंतर कळलं. एकशे एकोणिसावं स्तोत्र सगळ्यांत लांब. हिब्रूची बावीस अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या आठ ओव्या. किती झाल्या? चिंचोक्यांच्या बावीस रांगा ओसरीभर पसरल्या, दोन कामवालीनं झाडून नेल्या, पुन्हा मांडल्या. एकशे शहात्तर. ओव्या मोजून पडताळा घेतला तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं, ते मला पतसंस्थेत ताळेबंद जुळल्यावर व्हायचं.

आणि तारू. नोहाचं तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. मराठी शास्त्रात ‘हात’च लिहिलंय, त्यामुळे मोजायला काही आणावंच लागलं नाही. खडू घेऊन गल्लीत उतरलो. लेकीनं आपल्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात ठेवत ठेवत खुणा करायला घेतल्या. एकशे सत्तरच्या आसपास मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. तोवर गल्लीतली पाच-सहा पोरं जमली होती आणि सगळी एका सुरात मोजत होती. तिच्या हातानं तारू नव्वद मीटरच्या आसपास संपलं. संध्याकाळी बाबा आला, त्याच्या हातानं मोजलं तर ते पिठाच्या गिरणीच्याही पुढं गेलं. “खरं तारू कुणाच्या हाताचं?” यावर गल्लीत भांडण जुंपलं. माणसांनी मीटर का काढला असेल, हे त्या दिवशी कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

शेजारच्या चाची गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, “अरे, ये तो हमारे नूह अलैहिस्सलाम की कश्ती!” समोरच्या पाटलीणबाईंनी सांगितलं, आमच्यातही आहे, मनूची नाव, आणि ती ओढणारा मासा. पोरं नाव विसरून माशाच्या लांबीवर आली. मी क्षणभर गोंधळले. आता आपलं कोणतं आणि त्यांचं कोणतं, हे समजावून सांगायचं का? सासूबाईंनी सगळ्यांना चहा केला. तो निर्णय मला आवडला.

इथं एक आडवळण घेते. माझी एक मावसबहीण अमेरिकेत असते. तिकडे ख्रिस्ती कुटुंबांत घरशाळा ही मोठी चळवळ आहे. पन्नासही राज्यांत कायद्यानं चालते, आणि त्यासाठी तयार अभ्यासक्रमांचे खोकेच्या खोके विकत मिळतात. तिनं प्रेमानं एक पाठवला. कागद गुळगुळीत, चित्रं सुरेख. त्यात बर्फातली घरं, लाल कोठारं, मेपलची पानं. मोजायला सफरचंदं. आमच्या चिंचोक्यांना हा खोका काही मानवला नाही. त्याहून मला खटकली ती त्यामागची भीती. पानोपानी असं वाटत राहतं, की बाहेर काहीतरी वाईट आहे आणि मुलाला त्यापासून राखायचंय. डायनोसॉरच्या धड्यात तर उत्तरं आधी ठरवून मग प्रश्न बेतले होते. लेकीनं मला विचारलं होतं, सहा दिवसांत डायनोसॉर कुठल्या दिवशी? मी सांगितलं की देवाचा दिवस किती तासांचा, हे शास्त्रात लिहिलेलं नाही, आणि हाडं किती जुनी हे हाडांचा अभ्यास करणारे सांगतात, त्यांचं ऐकायचं. सासूबाईंनाही हे पटलं. खोका शब्बाथशाळेच्या, म्हणजे देवळातल्या रविवारच्या शाळेच्या, कपाटात आहे. मुलं त्यातली चित्रं रंगवतात.

धनगराची वाघर रात्रीपुरती असते. पहाटे ती गुंडाळतात.

आता उणे बाजू, नाहीतर सासूबाई वाचतील आणि म्हणतील, खोटं कशाला लिहितीस. घरशाळेत आई आणि मास्तरीण एकच. मास्तरणीनं मारलं तर आईकडे जाता येत नाही. आई रागावली तर शाळेत पळता येत नाही. मधल्या सुट्टीत तक्रार करायची कुणाकडे? तिसऱ्या वर्षी हातच्याच्या वजाबाकीनं आम्हा दोघींना टेकीला आणलं. एका दुपारी मी पाटी आपटली. तिला तडा गेला. लेक रडली नाही, हे वाईट. रात्री अंथरुणात तिची प्रार्थना मला दाराआडून ऐकू आली. “देवा, उद्या आईला शाळेची सुट्टी दे.”

दुसऱ्या दिवशी दिली. म्हणजे मीच घेतली. सासूबाई तोपर्यंत तीन वर्षं लांबून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी चष्मा लावला आणि पाटी मागितली. “तडा गेलेलीच दे. मी तसल्याच पाटीवर शिकले.” हातचा म्हणजे काय हे त्यांनी किराणा दुकानाच्या वहीवरून समजावलं: सुटे कमी पडले की मोठी नोट मोडायची. मला हे का सुचू नये? अकरा वर्षं मी नोटाच मोजल्या.

त्याच वहीतून पुढची गंमत निघाली. वहीतल्या उधारीला आजीनं ‘ऋण’ म्हटलं. लेक लगेच प्रभूच्या प्रार्थनेवर गेली. तिथंही ऋण आहे: आम्ही जसं आमच्या ऋण्यांस ऋण सोडलं, तसं तूही आमची ऋणं सोड. ऋण ‘सोडणं’ म्हणजे काय, ते आजीनं वहीत दाखवलं. दुकानदारानं एका बाईची सगळी उधारी तिचा नवरा वारल्यावर एक तिरकी रेघ मारून काढून टाकली होती. रेघेखाली आकडे अजून वाचता येत होते. रात्री लेक माझ्याजवळ आली. “पाटीचं ऋण मी सोडलं,” म्हणाली, आणि हवेत बोटानं तिरकी रेघ ओढली.

शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो. चांगला असतो, मी त्याची थट्टा करत नाही. पण क्षमा कशी दिसते हे मुलानं कुठं बघायचं, तर ज्यानं पाटी आपटली त्याच्याच घरात. घरशाळेनं मला दिलेलं सगळ्यांत महाग दान हेच असावं, की माझी चूक लेकीपासून लपवायला मला जागाच नव्हती.

लोक विचारतात, हे कायद्यात बसतं का. मी वकील नाही, पण वाचलं तेवढं सांगते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घालणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. म्हणजे मोकळा रस्ताही नाही आणि भिंतही नाही. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात, शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायची तरतूद आहे. ते कलम खरं म्हणजे वीटभट्टीवरच्या आणि ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांसाठी; आमच्यासारख्यांनी ते वापरताना थोडं ओशाळवाणं वाटतं. पुढं जाऊन घरूनच परीक्षा द्यायची असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, तिचे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे टप्पे आहेत. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

२०२३ च्या नाताळाच्या सुट्टीत आम्ही केडगावला गेलो. नगरचं केडगाव नाही, दौंडजवळचं; पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जिथं आहे ते. दुष्काळात होरपळलेल्या मुली रमाबाईंनी इथं आणल्या, वाढवल्या, शिकवल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी अख्ख्या पवित्र शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते १९२४ मध्ये छापून निघालं. लेकीनं विचारलं, “रमाबाई कुठल्या शाळेत होत्या?”

मला ही संधी सोडवेना. “कुठल्याच नाही,” मी म्हटलं. त्यांच्या वडिलांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोक खवळले. मग ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. १८५८ मध्ये रमाबाई तिथंच जन्मल्या. पुढं आईवडील तीर्थयात्रा करत हिंडत राहिले, आणि दिवसभर कामात वेळ मिळत नाही म्हणून आई अंधारातच लेकीला गोंजारून उठवायची, पाखरं बोलायला लागायच्या वेळेला. पुस्तक नाही; आईच्या तोंडून ऐकायचं आणि म्हणायचं. बाराव्या वर्षापर्यंत भागवताचे अठरा हजार श्लोक पाठ होते, असं सांगतात. मी सासूबाईंकडे न बघता हे सगळं बोलले. लक्ष्मीबाई टिळकांचंही नाव काढलं. त्यांनाही अक्षरं भेटली ती घरातच, नवऱ्याकडून.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या इमारतीकडे, रांगेनं चाललेल्या मुलींकडे हात केला. “बरोबर आहे. आणि एवढं घरी शिकून त्या बाईनं काढलं काय? शाळाच ना?”

पुढच्या जूनमध्ये लेक चौथीत गेली. त्यांच्यामुळे असं नाही. तिला स्वतःलाच जायचं होतं. गल्लीतली पोरं सकाळी निघून गेली की गल्ली ओस पडायची, आणि मोजायला एकटीचाच आवाज उरायचा. ‘नसल्यालं’ तिलाही दिसत होतंच. मुख्याध्यापकांनी आधीच्या शाळेचा दाखला मागितला, आधीची शाळा म्हणजे मी. बोलणं झालं, वाचून घेतलं, दोन गणितं घातली, वयाप्रमाणे वर्ग दिला. सरांनी विचारलं, वाचायला कुणी शिकवलं? ती म्हणाली, “आजोबांनी, कॅलेंडरवर.”

पहिल्या आठवड्यात ती खुशीत होती. डबा वाटून खायचा, पीटीच्या तासाला धावायचं, मैत्रिणीशी भांडून दुसऱ्या दिवशी जुळवून घ्यायचं. हे सगळं मी तिला देऊ शकले नव्हते, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मला जरा लागलं. अकरा वाजता घर इतकं शांत असतं हे मी विसरले होते.

दुसऱ्या आठवड्यात ती घरी येऊन दप्तर काढता काढता म्हणाली, “आई, शाळेत ना, तास संपला की प्रश्नपण संपवायचा असतो. बाई म्हणाल्या, नंतर. पण नंतर दुसरा विषय असतो.” तक्रार नव्हती. नवीन गावातली रीत सांगावी, तसं ती सांगत होती.

मी काही बोलायच्या आत, भाजी निवडत बसलेल्या आजीनं विचारलं, “डबा रिकामाच परत येतो ना तुझा?”

“हो.”

“मग त्यात घालून आण. उरलेले प्रश्न घरी आणायचे.”

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर त्यात वहीच्या पानाचा चिटोरा होता, बटाट्याच्या भाजीच्या तेलानं आरपार झालेला. पेन्सिलीनं लिहिलं होतं: शून्य सम की विषम?

आजीनं चष्मा लावला, चिटोरा उजेडात धरून वाचला, उलटा करून पुन्हा वाचला. मग मला म्हणाली, “चिंचोक्यांची बरणी काढ गं.”